इराण: सुधारणा की क्रांती? पेझेश्कियान यांच्या विजयानंतर

आडवाटेचा
८ जुलै २०२४, रात्री ९.४०

परवा इराणच्या अध्यक्षीय निवडणुकीचा अंतिम निकाल लागला. मसूद पेझेश्कियान जिंकले, कट्टरपंथी सईद जलीली हरले. आपल्याकडे 'सुधारणावादी विजयी' एवढ्यावर बातमी संपली. मला मात्र मतदानाचा आकडा जास्त बोलका वाटतो. २८ जूनच्या पहिल्या फेरीत जेमतेम ४० टक्के मतदान झालं. १९७९ नंतरच्या कुठल्याही अध्यक्षीय निवडणुकीतलं हे सर्वांत कमी. जलीलींच्या धास्तीने दुसऱ्या फेरीत आणखी काही लोक बाहेर पडले, तरी आकडा पन्नाशीच्या आतच राहिला. निम्मा देश घरी बसला आणि हे घरी बसणं आळसाचं नव्हतं.

मुद्दा मांडतो. इराणबद्दल बोलताना आपण दोनच रस्ते धरून चालतो: मतपेटीतून हळूहळू सुधारणा किंवा रस्त्यावरची क्रांती. त्यात 'शांततेने' आणि 'घटनेच्या चौकटीत' या गोष्टी एकच असल्याचं गृहीत धरतो. माझ्या मते इराणी सुधारणावाद्यांची पंचवीस वर्षं याच गृहीतकात गेली. चौकट मान्य न करताही शांततेने लढता येतं.

चौकट कशी आहे ते बघा. उमेदवारांना चाळणी लावते बारा जणांची गार्डियन कौन्सिल. त्यातले सहा धर्मशास्त्री थेट सर्वोच्च नेता, म्हणजे अध्यक्षाच्याही वरचा धर्मगुरू, नेमतो. उरलेल्या सहा कायदेपंडितांची नावं न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो आणि मजलिस, म्हणजे संसद, त्यातून निवडते. त्या प्रमुखालाही सर्वोच्च नेताच नेमतो, आणि मजलिसमध्ये कोण जाणार हे आधी हीच कौन्सिल ठरवते. यंदा अध्यक्षपदासाठी ८० जणांनी अर्ज भरले, कौन्सिलने ६ ठेवले. आणि घटनेचं कलम १७७ सांगतं की राज्याचं इस्लामी स्वरूप आणि धर्मशास्त्र्याची सत्ता, म्हणजे विलायत-ए-फकीह, घटनादुरुस्तीनेही बदलता येणार नाही.

या चौकटीत राहून काय होतं ते सुधारणावादी अध्यक्ष खातमींच्या काळात दिसलं. १९९७ मध्ये त्यांना जवळपास ७० टक्के, दोन कोटी मतं मिळाली. मागे उभे होते विद्यार्थी, बायका, वर्तमानपत्रं. २००० मध्ये मजलिसही सुधारणावाद्यांच्या हातात आली. लगेच वर्तमानपत्रांवर धाड पडली. नव्या मजलिसने वृत्तपत्र कायदा सुधारायला घेतला, तर सर्वोच्च नेत्याने पत्र पाठवून चर्चाच थांबवली. मग खातमींनी दोन विधेयकं आणली. एकाने अध्यक्षांचे अधिकार वाढणार होते, दुसऱ्याने गार्डियन कौन्सिलची चाळणी कमी होणार होती. कायदा मंजूर करायचा अधिकार कोणाला? गार्डियन कौन्सिललाच. तिने दोन्ही फेटाळली. २००४ च्या मजलिस निवडणुकीत दोन हजारांवर उमेदवार बाद केले, त्यात ८० च्या आसपास विद्यमान खासदार होते. त्या खासदारांनी मजलिसच्या इमारतीतच धरणं धरलं. आणि बाहेर? बाहेर फारसं कोणी आलं नाही. १९९९ च्या जुलैमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर हल्ला झाला तेव्हा हीच नेतेमंडळी त्यांच्यामागे उभी राहिली नव्हती.

खातमींचे सल्लागार सईद हज्जारियान यांचं सूत्र होतं: खालून दबाव, वर वाटाघाट. मार्च २००० मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, पण अपंग झाले. त्यानंतर सूत्राचा पहिला अर्धा भाग जवळपास सोडून दिला गेला. मागे दबाव नसताना केलेली वाटाघाट म्हणजे विनंतीच.

तुम्हाला काय वाटतं?

---

पानिपतकर
८ जुलै २०२४, रात्री ११.१५

लेख उत्तम. पण निष्कर्ष अर्ध्यावर सोडलात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये इराणी रस्त्यांवर घोषणा होती: सुधारणावाले असोत की कट्टर, खेळ आता संपला. ही घोषणा देणारे तेहरानचे विद्यार्थीही होते आणि छोट्या गावांतले बेकार तरुणही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पेट्रोलचे दर वाढवले, लोक बाहेर आले, सरकारने देशभर इंटरनेट बंद केलं आणि गोळीबार केला. अ‍ॅम्नेस्टीने तीनशेहून जास्त मृत्यूंची नोंद केली. तेव्हा अध्यक्ष कोण? मवाळ म्हणून निवडून आलेले रूहानी. २०२२ मध्ये, हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतरच्या निदर्शनांत, ५५१ लोक मारले गेले असं यंदाच्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने सांगितलं.

बंदुकीपुढे शांतता किती काळ धरायची? हा प्रश्न मी मनापासून विचारतोय. इथे पुण्या-मुंबईत बसून त्यांना संयमाचा सल्ला देणं मला जमत नाही.

आणि पेझेश्कियान स्वतः प्रचारात म्हणत होते की सर्वोच्च नेत्याने आखलेल्या धोरणांवरच चालणार. मग कसली सुधारणा?

---

विदुला
९ जुलै, सकाळी ७.५०

वाचतेय. सविस्तर लिहिते दुपारी.

---

शमा_दापोली
९ जुलै, सकाळी १०.२०

मी कोकणी मुसलमान, शाफई सुन्नी. शिया परंपरा माझी नव्हे, पण अभ्यास थोडाफार केलाय, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. अशा चर्चांमध्ये कुणीतरी येऊन म्हणतंच की इस्लामी राज्य सुधारूच शकत नाही, कारण धर्मच तसा आहे. इथे अजून कुणी म्हटलेलं नाही, तरी आधीच लिहून ठेवते.

विलायत-ए-फकीह ही शिया इस्लामची जुनी, सर्वमान्य शिकवण नाही. १९०६ च्या घटनात्मक चळवळीत धर्मशास्त्री दोन्ही बाजूंना होते. शेख फझलुल्लाह नूरी घटनेच्या विरोधात उभे राहिले आणि १९०९ मध्ये फासावर गेले. त्याच वर्षी इराकमधल्या नजफ या शिया विद्याकेंद्रात धर्मशास्त्री नाईनींनी घटनेच्या बाजूने ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं की (शिया श्रद्धेनुसार अदृश्य असलेल्या) बाराव्या इमामांच्या गैरहजेरीत निर्दोष सत्ता कुणाचीच नसते, म्हणून सत्तेला बंधन घालणं हेच धर्माला धरून आहे. पुढे नजफचे सर्वांत मोठे धर्मगुरू खोई यांनी इस्लामी प्रजासत्ताकाचे संस्थापक खोमेनी यांचा हा सिद्धांत मान्य केला नाही. आयतुल्ला मोंताझेरींनी तर १९७९ च्या घटनेत हे कलम घालायला मदत केली होती. तेच पुढे म्हणू लागले की फकीहाचं (धर्मशास्त्र्याचं) काम देखरेखीचं आहे, हुकूमत करण्याचं नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जानेवारी १९८८ मध्ये खोमेनींनी खामेनेईंना (ते तेव्हा अध्यक्ष होते, पुढे सर्वोच्च नेते झाले) पत्र लिहिलं की राज्य टिकवण्यासाठी गरज पडली तर नमाज, रोजे, हज यांच्या आज्ञाही बाजूला ठेवता येतात. मला हे पत्र पहिल्यांदा वाचून धक्का बसला होता. म्हणजे शरियतसुद्धा त्या सत्तेला आडवी येऊ शकत नाही. तिथे भांडण धर्म विरुद्ध निधर्मीपणा असं सरळ नाहीच. ज्या सत्तेने धर्मालाही स्वतःच्या खाली घेतलं, तिला उत्तरदायी कसं करायचं हा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांत पगडीवाले कमी नाहीत.

---

आडवाटेचा
९ जुलै, सकाळी ११.०५

@शमा, प्रतिसाद फार आवडला. मोंताझेरींबद्दल एक जोडतो. १९८८ च्या उन्हाळ्यात हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिली जात होती तेव्हा मोंताझेरी खोमेनींचे घोषित वारसदार होते. १५ ऑगस्टला त्यांनी फाशीचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांना समोर बसवून सुनावलं की इस्लामी प्रजासत्ताकातला हा सर्वांत मोठा गुन्हा आहे आणि इतिहास तुमची नावं गुन्हेगारांत लिहील. त्या बैठकीची ध्वनिफीत २०१६ मध्ये बाहेर आली. समोर बसलेल्यांत इब्राहिम रईसी होते. तेच पुढे अध्यक्ष झाले आणि मे महिन्यात हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्यांच्या जागेसाठी ही निवडणूक झाली. मोंताझेरींचं वारसपद गेलं, पुढे पाच वर्षांहून जास्त काळ ते घरात कैद होते.

---

जुनी_वही
९ जुलै, दुपारी १.३०

माझं वय आता सत्तरीकडे. पुण्यात कॉलेजात होतो तेव्हा वर्गात इराणी मुलं होती. १९७८ च्या शेवटी त्यांच्या खोल्यांवर रात्र-रात्र रेडिओ चालायचा. त्यांच्यातले निम्मे डावे, निम्मे नमाजी, आणि शहा (इराणचा राजा) गेला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत. शहा गेल्यावर काय, असं मी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, आधी जाऊ दे. हे उत्तर मी विसरलेलो नाही.

क्रांतीवाल्या मित्रांनी, पानिपतकर तुम्हीही, १९७९ चा उन्हाळा नीट वाचावा. शहा पडला तो प्रामुख्याने संपांमुळे. तेल कामगारांनी नळ बंद केले, बँका, वीज, सरकारी कचेऱ्या थांबल्या. शेवटचे दोन दिवस सोडले तर ही बऱ्यापैकी निःशस्त्र क्रांती होती. म्हणजे साधन शांततेचं होतं. तरी राजवट पडली त्याच महिन्यात, फेब्रुवारी १९७९ मध्ये, एका शाळेच्या गच्चीवर शहाच्या सेनापतींना गोळ्या घालायला सुरुवात झाली.

खरी चुटपुट लागते ती घटनेच्या मसुद्याची. जूनमध्ये क्रांतीनंतरचे हंगामी पंतप्रधान बाझरगान यांच्या सरकारने मसुदा प्रसिद्ध केला, त्यात विलायत-ए-फकीह नव्हतं! फ्रान्सच्या धर्तीवर अध्यक्ष होता, मजलिस होती. खोमेनींनी किरकोळ बदल सुचवले आणि थेट सार्वमताला टाकायची तयारी दाखवली. अडवलं कुणी? उदारमतवाद्यांनी. बाझरगान, बनीसद्र म्हणाले की घटना समितीची निवडणूक घ्यायचं वचन दिलंय, ते पाळलं पाहिजे. तत्त्व म्हणून बरोबरच होतं. तडजोड होऊन ७३ जणांची छोटी समिती ठरली. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली, काही पक्षांनी बहिष्कार घातला आणि जागा बहुतांश मुल्लांनी जिंकल्या. कारण गावोगाव मशिदींचं जाळं त्यांच्याकडे होतं, इतरांकडे पत्रकं होती. त्या समितीने मसुदा बाजूला सारून फकीहाची सत्ता आत घातली. नोव्हेंबरात अमेरिकन वकिलातीवर कब्जा झाला, दोन दिवसांत बाझरगान यांनी राजीनामा दिला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, ओलिसांच्या त्या ज्वरात, घटनेवर सार्वमत उरकलं. आयतुल्ला शरीअतमदारींनी विरोध केला, तब्रीझ पेटलं, पण उशीर झाला होता.

बाझरगान हा माणूस मला फार जवळचा वाटतो. शहाच्या कोर्टात १९६४ मध्ये त्यांनी सांगितलं होतं की घटनेच्या मार्गाने तुमच्याशी बोलणारे आम्ही शेवटचे. तसंच झालं. शहाने सुधारणेची दारं लावली म्हणून क्रांती आली, आणि क्रांतीने पहिल्याच वर्षात बाझरगानलाच बाहेर काढलं.

---

पानिपतकर
९ जुलै, दुपारी २.१०

काका, इतिहास मान्य. पण १९७९ मध्ये फसलं म्हणून २०२४ मध्ये प्रयत्नच करायचा नाही, हे पटत नाही. तेव्हा लोकांकडे एका म्हाताऱ्या धर्मगुरूची कॅसेट होती. आज त्यांच्याकडे पंचेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

---

विदुला
९ जुलै, दुपारी ४.४५

सगळ्यांनी पुरुषांचीच नावं लिहिलीत, म्हणून आता मी.

८ मार्च १९७९. क्रांतीला महिनाही झाला नव्हता. सरकारी कचेरीत डोकं झाकून यावं असं खोमेनींचं वक्तव्य आदल्या दिवशी आलं होतं. तेहरानमध्ये हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, बर्फ पडत होतं, आणि पुढचे काही दिवस त्या उतरत राहिल्या. दगड, सुरे, शिव्या सगळं सोसलं. सरकारने तात्पुरती माघार घेतली. त्यावेळी डाव्या संघटनांमधल्या बऱ्याच जणांचं मत असं की साम्राज्यवादाशी लढाई चालू असताना हा दुय्यम प्रश्न काढू नका. चार वर्षांत सक्तीचा कायदा आला, शिक्षा ७४ फटक्यांपर्यंत. दुय्यम म्हणून मागे ठेवलेला प्रश्न बरोबर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला.

मधल्या काळात बायकांनी जे केलं त्याला मी सुधारणाही म्हणणार नाही आणि क्रांतीही. २००६ मध्ये दहा लाख सह्यांची मोहीम सुरू झाली. मागण्या घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसा, साक्ष यांतल्या भेदभावाच्या. कार्यकर्त्या बसमध्ये, ब्युटी पार्लरमध्ये, बागेत बायकांशेजारी बसायच्या, कायदा समजावायच्या आणि कागद पुढे करायच्या. सही मिळाली नाही तरी ती माहितीपत्रिका त्या बाईच्या पर्समध्ये जायची. यासाठी कित्येक जणी तुरुंगात गेल्या. सत्ता हातात घेण्याची भाषा त्यात नव्हती, तरी राज्याला ती राष्ट्रीय सुरक्षेला धोका वाटली!

आज तेहरानमध्ये कायदा तोच आहे, पण मोठ्या संख्येने बायका डोकं उघडं ठेवून फिरतायत. दंड होतात, गाड्या जप्त होतात, तरी फिरतायत. मजलिसने काही दिलं नाही, अध्यक्षाने दिलं नाही. मानवाधिकार कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदींना २०२३ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा त्या एविन तुरुंगात होत्या, आणि तुरुंगातूनही मृत्युदंडाविरुद्ध आवाज उठवत होत्या. पानिपतकर, शांतता म्हणजे गप्प बसणं नव्हे हो.

---

खार्तूमला_होतो
९ जुलै, रात्री १०.३०

प्रथमच या विभागात लिहितोय. मी काही वर्षं सुदानमध्ये नोकरीला होतो. इराणइतकी चर्चा त्या देशाची होत नाही, पण विषय तोच आहे. ओमर अल बशीर १९८९ मध्ये लष्करी बंड करून आले ते हसन तुराबींच्या इस्लामी चळवळीच्या पाठबळावर. तीस वर्षं टिकले. डिसेंबर २०१८ मध्ये भाकरीच्या दरावरून लोक बाहेर पडले, त्यांना वळण दिलं डॉक्टर, शिक्षक, वकील यांच्या व्यावसायिक संघटनेने आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या प्रतिकार समित्यांनी. ६ एप्रिल २०१९ पासून लष्करी मुख्यालयासमोर ठिय्या. आत जायला वाटेत पोरापोरींचे नाके होते. ती मुलं माफी मागून तुमचे खिसे तपासायची, शस्त्र आत जाऊ नये म्हणून. झाडांखाली चहावाल्या बायका, कुणी पुस्तकं वाटतंय, कुणी गाणी म्हणतंय. ११ एप्रिलला बशीर गेले. शांततेने! मी तेव्हा घरी फोन करून सांगितलं होतं की इतिहास बघतोय.

३ जूनला पहाटे तोच ठिय्या गोळ्या घालून उठवला, शंभराहून जास्त माणसं गेली. ऑगस्टमध्ये लष्कर आणि नागरी आघाडीने सत्ता वाटून घेतली. ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्कराने सगळीच घेतली. एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, आम्हाला भारत सरकारने जहाजाने आणि विमानाने बाहेर काढलं. माझ्याबरोबर काम करणारी सुदानी माणसं मागेच राहिली.

म्हणून सांगतो, सर्वोच्च माणूस जाणं ही सोपी पायरी आहे. बंदुका कुणाच्या ताब्यात आहेत आणि त्या बंदुकांमागे कारखाने, खाणी, बँका कुणाच्या आहेत, हे बदललं नाही तर शांततेने पाडलेली सत्ता बंदूकवाले उचलतात. इराणमध्ये रिव्होल्यूशनरी गार्ड्सकडे (राजवटीच्या रक्षणासाठीचं वेगळं लष्कर) बांधकामापासून तेलापर्यंत किती धंदे आहेत ते बघा. पण हेही सांगतो की सुदानमधल्या त्या मोहल्ला समित्या मेल्या नाहीत. युद्धात सामुदायिक स्वयंपाकघरं आणि दवाखाने चालवणारी माणसं बरीचशी त्यातलीच आहेत.

---

जुनी_वही
९ जुलै, रात्री ११.००

वाचून सुन्न झालो. लिहीत राहा.

---

आडवाटेचा
१० जुलै, सकाळी ८.३०

खार्तूमला_होतो आणि जुनी_वही यांचे प्रतिसाद एकत्र वाचले तर माझा मूळ मुद्दा जास्त स्पष्ट होतो. सत्ता पडण्याआधी पुढची चौकट ठरलेली नसेल, तर ज्याच्याकडे त्या दिवशी संघटना किंवा बंदूक असते तो ती ठरवतो. १९७९ मध्ये मशिदी, २०२१ मध्ये लष्कर.

म्हणून मला मीर हुसैन मुसवी यांचं फेब्रुवारी २०२३ मधलं निवेदन इतकं महत्त्वाचं वाटतं. हा माणूस ऐंशीच्या दशकात आठ वर्षं पंतप्रधान होता. १९८८ च्या फाशीसत्राच्या वेळीही पदावर होता, हे विसरू नये. २००९ मध्ये निवडणूक चोरली गेली म्हणून लाखो लोक त्याच्यामागे तेहरानच्या रस्त्यावर मूकपणे चालले. तेव्हा तो म्हणत होता, घटनेची अंमलबजावणी तेवढी करा. फेब्रुवारी २०११ मध्ये तो, पत्नी झहरा रहनवर्द आणि २००९ चे दुसरे सुधारणावादी उमेदवार मेहदी कर्रूबी यांना घरात कैद केलं गेलं. बारा वर्षांच्या कैदेनंतर तो म्हणाला की हा रस्ता संपला. आधी नवी घटना हवी की नको यावर सार्वमत, मग खुल्या निवडणुकीतून घटना समिती, मग मसुद्यावर पुन्हा सार्वमत. त्याच सुमारास खातमींचं निवेदन आलं की आहे त्या घटनेच्या मूळ आत्म्याकडे परत जाऊ. जुन्या सहकाऱ्यांची वाट तिथे फुटली. या निवडणुकीतही तेच दिसलं: खातमी आणि कर्रूबींनी पेझेश्कियानना मत दिलं, मुसवी आणि रहनवर्द यांनी दिलं नाही. तेव्हा एविनमध्ये असलेले मुस्तफा ताजझादे, जे खातमींच्या काळात उपगृहमंत्री होते, त्यांनीही दिलं नाही.

मी मुसवींच्या बाजूचा आहे. पेझेश्कियानना मत देणाऱ्यांना मी दोष देत नाही. जलीली आले असते तर बायकांवरची गस्त आणखी वाढली असती, हा हिशोब खरा आहे. पण ते मत म्हणजे थोडा वेळ विकत घेणं आहे, एवढंच.

---

पानिपतकर
१० जुलै, सकाळी ९.४५

सार्वमत घेणार कोण? खामेनेई? ज्याच्या विरुद्ध निकाल जाणार तोच मतपेट्या मांडणार? मुसवींची पायरी क्रमांक एकच अशक्य आहे. ती शक्य करायची तर संप, बहिष्कार, रस्ता सगळं लागणार. मग त्याला क्रांती म्हणा की आणखी काही.

---

आडवाटेचा
१० जुलै, सकाळी १०.१०

हे बरोबर आहे. सार्वमत मागून मिळणार नाही, भाग पाडूनच मिळेल. माझा आग्रह दोनच गोष्टींचा: भाग पाडताना शस्त्र नको, कारण शस्त्राच्या खेळात गार्ड्सच जिंकतील, आणि मागणी सूडाची नको, लिहिलेली हवी.

---

शमा_दापोली
१० जुलै, दुपारी १२.५०

सार्वमताची मागणी फक्त मुसवींची नाही. त्यांच्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आग्नेय इराणमधल्या झाहेदानच्या मक्की मशिदीचे मौलवी अब्दुलहमीद यांनी आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीत सार्वमत घ्या असं जुम्म्याच्या खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) सांगितलं. ते बलुची सुन्नी. ३० सप्टेंबरला त्यांच्याच मशिदीजवळ नमाजनंतर गोळीबार झाला होता, ज्यात कितीतरी नमाजी गेले, मुलंसुद्धा. त्यानंतर कित्येक महिने दर शुक्रवारी लोक तिथून मोर्चा काढत होते, आणि ते त्यांना हात न उचलण्याचं बजावत होते. बलुची भागात घरोघरी बंदुका असताना!

कलम ११५ प्रमाणे अध्यक्ष देशाच्या अधिकृत, म्हणजे शिया, पंथाचाच लागतो, म्हणजे सुन्नी माणूस अध्यक्ष होऊच शकत नाही. पेझेश्कियान महाबादला जन्मलेले, अझेरी आणि कुर्दी दोन्ही बोलणारे, म्हणून सीमाभागात त्यांच्याकडून आशा आहे, हे मला समजतं. पण झाहेदानच्या माणसाने 'घटनेच्या मूळ आत्म्याकडे' कशासाठी जायचं? त्या आत्म्यात तो नव्हताच.

---

विदुला
१० जुलै, सायंकाळी ६.२०

आडवाटेचा, 'लिहिलेली मागणी' म्हणालात म्हणून सांगते, ती लिहिली गेली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्येच, मुसवींच्या निवेदनानंतर काही दिवसांनी, इराणमधल्या वीस स्वतंत्र कामगार आणि नागरी संघटनांनी मिळून किमान मागण्यांची सनद काढली. त्यात शिक्षकांच्या संघटनांची समन्वय परिषद आहे, हफ्त तप्पे साखर कारखान्याच्या कामगारांची संघटना आहे, निवृत्तिवेतनधारक आहेत, स्त्री संघटना आहेत. बारा कलमं: सर्व राजकीय कैद्यांची सुटका, विचार-संघटना-संपाचं स्वातंत्र्य, मृत्युदंड रद्द, स्त्री-पुरुष पूर्ण समानता, धर्म ही खाजगी बाब, भाषा आणि वंशावरून भेद नको, बालमजुरी बंद, पर्यावरणाची नासाडी थांबवा. कोण राजा, कोण अध्यक्ष, परदेशात बसलेला कोण युवराज, याबद्दल एक शब्द नाही.

सही करणाऱ्या संघटनांचे कितीतरी पदाधिकारी त्या आधीच तुरुंगात जाऊन आलेले किंवा आत असलेले. १९७९ च्या उन्हाळ्यात मशिदींसमोर उभं राहील असं जे जाळं नव्हतं म्हणून काका हळहळले, ते शिक्षकांच्या खोल्यांतून आणि कारखान्यांच्या दारातून विणलं जातंय. मराठीत त्या सनदेचा पूर्ण अनुवाद मला कुठे सापडला नाही. मी इंग्रजीवरून पहिली चार कलमं केली आहेत, उरलेल्यांना कुणी फारसी जाणणारं मदत करेल तर इथेच टाकू.

---

जुनी_वही
१० जुलै, सायंकाळी ७.०५

विदुलाताई, माझी फारसी कॉलेजातली, गंजलेली आहे. पण शब्दकोश अजून जवळ आहे. बालमजुरीचं आणि कामगारांचं कलम मला द्या.